जाकड शाळा

जळगावच्या बैलबाजारात चुडामण आबांचा शब्द चाले, हे खरं. कोणी जोडी घेऊन आला की आबा आधी तिच्याकडे पाहतच नसत. तंबाखू मळत दुसरीकडे बघत उभे राहत. मग एकदम पुढे होऊन बैलाचा ओठ वर करीत, दात बघत, शेपटीला हिसडा देत, चार पावलं चालवून पाहत आणि म्हणत, "खोड शे."

खोड कोणती, ते लगेच सांगत नसत. तेवढ्यात मालकाचा चेहरा उतरे, भाव उतरे आणि आबांचं काम होऊन जाई. 'खोड शे', म्हणजे खोड आहे, एवढंच त्यांचं भांडवल. बिनखोडीचा बैल त्यांनी जन्मात पाहिला नाही, बिनखोडीचा माणूसही नाही. आरशात मात्र ते रोज पाहत, मिशांना पीळ देत, आणि तिथे त्यांना कधी काही आढळलं नाही.

या बाजारात एक जुनी सोय होती, जाकड. बैल घरी न्यायचा, औताला जुंपून पाहायचा, मन भरलं नाही तर पुढच्या बाजारी परत आणायचा. कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. मात्र या सोयीला एक हद्द होती. जाकड बैल मालकाच्याच दाव्यावर न्यावा लागे. ते दावं सोडून आपलं बांधलं की सौदा पक्का झाला. मग बैल लंगडा निघो की मारका निघो, तो तुमचा. आणि चारचौघांदेखत बांधलं असेल तर तोंडही उघडायचं नाही. या हद्दीवरून झालेली कितीतरी भांडणं आबांनी बाजारात आणि घरच्या अंगणात बसून तोडली होती, आणि तेवढ्यापुरते ते खरंच न्यायाने बोलत.

कुंदा ही आबांची एकुलती मुलगी. तिचं दुर्दैव एवढंच, की आबांनी शाळाही जाकड घ्यायच्या ठरवल्या.

त्यांना शिक्षणाची ओढ होती असं कोणी समजू नये. स्वराज्य आलं आणि रावेर-यावलच्या केळीवाल्या पाटलांत शिकलेली सून पाहिजे अशी हवा सुटली. ज्यांच्या घरात गेल्या पिढीपर्यंत अंगठे उठत होते, ते मुलगी पाहायला आले की विचारू लागले, "शाळा कोणती?" शाळेत काय शिकवतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आबांनाही नव्हतं. पण कोणती शाळा चांगली, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तेव्हाच्या बहुतेक आईबापांचं असंच होतं.

मेहरूणच्या तळ्याकडे त्यांचं घर होतं आणि म्युनिसिपालटीची शाळा हाकेच्या अंतरावर. कुंदा तिथे जाऊ लागली. आबांची परीक्षा घेण्याची रीत अशी, की शाळेसमोरच्या लिंबाखाली उभं राहून कान द्यायचा. पाढ्यांचा गजर रस्त्यापलीकडे ऐकू आला तर शाळा दमदार. मास्तर बाहेर आला की आबा त्याच्या पायांकडे बघत. एक मास्तर जरा फेंगडा चालत असे. आबांनी घरी येऊन सांगितलं, "मास्तर मागल्या पायात कच्चा शे."

भिकुबाई, त्यांची बायको, भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्याला नांगराला जुंपायचा आहे का?"

"तुले काय समजस?" आबा म्हणाले. हे त्यांचं कुठल्याही वादातलं पहिलं आणि शेवटचं उत्तर होतं.

पुढे सरकारने शाळाशाळांतून टकळ्या वाटल्या. मुलांनी सूत कातायचं, हातांनी काम शिकायचं, असा तो नवा विचार होता. एके दिवशी आबा लिंबाखाली गेले तर पाढे नाहीत, कविता नाहीत, सगळी शाळा गप्प. त्यांनी खिडकीतून डोकावलं. मुली ओळीने बसून पेळूतून सूत काढत होत्या आणि कुंदाची टकळी सगळ्यांत छान फिरत होती. आबा चपलांसकट वर्गात शिरले.

"मास्तर, आमच्या सात पिढ्या कापसात मेल्या," ते म्हणाले. "कापसातून निघावी म्हणून पोर इथे घातली, तर तुम्ही तिच्या हातात पुन्हा कापूसच दिला?"

मास्तर बिचारे सरकारी परिपत्रकाबद्दल काहीतरी बोलू लागले. आबांनी कुंदाच्या हातातली टकळी काढून टेबलावर ठेवली, जाकड बैलाचं दावं मालकाच्या हातात ठेवावं तशी. "शाळाले आवाज नही. खोड शे," ते म्हणाले आणि मुलीला घेऊन निघाले. कुंदाचं सूत निम्म्यात तुटलं. ती तेव्हा लहान होती, तरी बाप आपल्यासाठी भांडला असं तिला क्षणभरही वाटलं नाही. सगळ्या वर्गासमोर त्याने आपली टकळी काढून घेतली, एवढंच तिला कळलं.

दुसरी शाळा धुळ्याची. भिकुबाईचा भाऊ मगन तिथे गिरणीत कामाला होता. कुंदाला त्याच्याकडे ठेवून मुलींच्या शाळेत घालायचं ठरलं. आबा स्वतः घेऊन गेले. अंगात कोट, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर उपरणं. हेडमास्तर नुकतेच पुण्याकडून बदलून आलेले, चष्मा पुसत बसणारे, सज्जन पण भित्रे. त्यांनी कुंदाला चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "चौथीत बसवू."

आबांना पाचवी हवी होती. आता मागणारा पाच म्हणतो, देणारा चार म्हणतो, हा व्यवहार आबांच्या ओळखीचा होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, खांद्यावरचं उपरणं हेडमास्तरांच्या उजव्या हातावर टाकलं, त्याखाली आपला हात घातला आणि त्यांची पाचही बोटं मुठीत धरून दाबली. बैलबाजारात असाच सौदा होतो. तोंडाने कोणी भाव बोलत नाही, बोटं बोलतात.

हेडमास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते ताडकन उठले. "सोडा! अहो सोडा! हे काय चाललंय?"

आबांना वाटलं, गडी ताणून धरतोय. त्यांनी आणखी जोरात दाबलं.

"शिपाई! शिपाई!" हेडमास्तर ओरडले. "हा गृहस्थ लाच देतोय!"

"लाच?" आबा थक्क झाले. "अहो, मी तर पाचवी मागतोय!"

मगनमामाने मध्ये पडून उपरण्यातून दोघांचे हात सोडवले. हेडमास्तर इतके घाबरले होते, की हा माणूस एकदाचा बाहेर जावा म्हणून त्यांनी कुंदाचं नाव पाचवीत घातलं. आबा आयुष्यभर सांगत राहिले, "धुळ्याचा हेडमास्तर असा वाकवला." आणि ज्याला चौथीची मुलगी चौथीत ठेवता आली नाही, तो हेडमास्तर पुढे चांगला प्रशासक म्हणून नावाजला गेला. कुंदाने दोघांनाही त्या दिवशी एकाच खोलीत पाहिलं होतं. शहाणं कोण, हे तिला ठरवावं लागलं नाही. तिथे कोणीच नव्हतं.

पाचवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "कुंदा, तुझी पाटी कुठे आहे?"

"आठे शे," कुंदा म्हणाली. घरी 'इथे आहे'ला असंच म्हणत.

सगळा वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांत निम्म्या मुली घरी 'शे'च म्हणणाऱ्या होत्या. त्याच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "इथे 'शे' चालत नाही हं. ते घरी गोठ्यात." मधल्या सुट्टीत मुली कुंदाभोवती फेर धरून ओरडत, "आठे शे, तठे शे, कुंदाबाई कोठे शे?" कुंदाने महिन्याभरात 'शे' गिळून टाकला आणि 'आहे' म्हणायला शिकली. त्या शाळेने तिला दिलेलं शिक्षण म्हणजे एवढं. बाकी भूगोल वगैरे तिने मगनमामाच्या घरी दिव्याखाली बसून स्वतःच केला.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा आबा खूश झाले. त्यांनी तिला बाजारातल्या दलालांपुढे उभं केलं. "बोल. काही बोल." कुंदा म्हणाली, "मी बरी आहे." दलालांनी माना डोलावल्या. त्यात हिलाल होता, आबांच्याच वयाचा, आबांच्याच धंद्यातला, आणि आबांना टोचायची एकही संधी न सोडणारा.

"मराठी ठीक शे," हिलाल म्हणाला. "इंग्रजी?"

आबांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदाने सांगितलं, इंग्रजी आता आठवीपासून असतं, तसा सरकारचाच नियम झाला आहे. कुठल्याच शाळेत आधी शिकवत नाहीत.

"असं तिथले मास्तर सांगतात," हिलाल डोळे मिचकावत म्हणाला. "ज्यांना येत नाही ते असंच सांगणार ना भाऊ?"

झालं. धुळ्याच्या शाळेत खोड निघाली. सरकारचा नियम आबांनी त्या शाळेच्या माथी मारला. भिकुबाई म्हणाली, "वर्ष तरी पुरं होऊ द्या." आबा म्हणाले, "तुले काय समजस?" कुंदाची वह्यापुस्तकं मगनमामाने एस.टी.च्या टपावरून पाठवून दिली.

तिसऱ्या शाळेबद्दल न बोललेलं बरं. जळगावातच कापसाच्या रिकाम्या वखारीत कोणी एका गृहस्थाने ती उघडली होती. दारावर इंग्रजी पाटी होती, मुलांच्या गळ्यात पट्ट्या होत्या आणि एक बँड होता. खडू नव्हते, पण बँड होता. आबा बाहेर कान देत उभे न राहता थेट भारून गेले. "आवाज शे!" ते म्हणाले. त्या शाळेत सकाळी 'गुड मॉर्निंग' शिकवीत आणि दुपारी त्याचाच सराव घेत. वकील, डॉक्टर, तेलाचे व्यापारी, सगळ्यांनी आपली पोरं तिथे घातली होती, आणि एकमेकांच्या पोरांना पाहून प्रत्येकाची खात्री पटली होती की शाळा चांगली आहे. पावसाळा संपता संपता संस्थापक कुठेतरी निघून गेले. वखारीत पुन्हा कापूस भरला. आबांनी ही शाळा कधी आपल्या चुकांत धरली नाही, कारण ती त्यांनी सोडली नव्हती, तीच त्यांना सोडून गेली होती.

त्यानंतर कुंदाची जवळजवळ तीन वर्षं घरीच अभ्यास करण्यात गेली आणि एव्हाना तिच्या बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. तिला एकच हवं होतं. ते फार मोठं नव्हतं. एका बाकावर बसायचं आणि त्याच शाळेतून अकरावीची मॅट्रिकची परीक्षा द्यायची. मॅट्रिक झालेल्या मुलीला मास्तरणीची नोकरी मिळे. नोकरी मिळाली की आपल्याला कुठे न्यायचं आणि कुठून सोडवायचं, हे दुसरा कोणी ठरवणार नाही, एवढा हिशेब तिने मनाशी केला होता.

जळगावच्या मुलींच्या हायस्कुलात टिपणीसबाई मुख्याध्यापिका होत्या. उंच, कोरड्या, पांढऱ्या पातळातल्या. आबा समोर बसले आणि सवयीने त्यांचा हात उपरण्याकडे गेला. मग त्यांच्या ध्यानात आलं की समोर बाईमाणूस आहे. परक्या बाईचा हात कसा धरणार? आबांच्या आयुष्यातला तो पहिला सौदा, जो त्यांना तोंडाने करावा लागला, आणि तोंडाने त्यांना काहीच येत नव्हतं.

टिपणीसबाईंनी त्यांना काही विचारलंही नाही. त्या कुंदाशीच बोलल्या. गणित विचारलं, शुद्धलेखन घातलं, एक उतारा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "मुलगी बरी आहे. आठवीत घेते. पण इतक्या शाळा का झाल्या?"

"जाकड," आबा म्हणाले. बाईंना अर्थ कळला नाही. आबांनी समजावून सांगितलं, दातांपासून दाव्यापर्यंत सगळं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"इथे ते चालत नाही," त्या म्हणाल्या. "आता मुलगी मध्येच काढलीत तर तिला परत घेणार नाही. आणि एवढ्या शाळा पाहिलेली मुलगी दुसरेही कोणी सुखासुखी घेणार नाहीत. मॅट्रिक राहून जाईल. आताच सांगून ठेवते."

"माल विकणारा असंच म्हणस," आबा बाहेर आल्यावर म्हणाले.

कुंदा आठवीत बसली. तिला शाळा आवडली असंही नाही. इतिहासाच्या बाई पुस्तक वाचून दाखवीत आणि त्यालाच शिकवणं म्हणत. शिवणाच्या बाई झोपत. पण टिपणीसबाई स्वतः इंग्रजी शिकवीत आणि चुकलं की चुकलं म्हणत, वकिलाच्या मुलीलाही आणि दलालाच्या मुलीलाही. एवढ्या गोष्टीवर कुंदा तिथे रमली.

आबा मात्र दर थोड्या दिवसांनी फाटकाशी येऊन उभे राहत. त्यांना खोड सापडत नव्हती आणि त्याने ते बेचैन होते. शेवटी एकदा सापडली. शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. तो गंजक्या तारेला लटकत होता.

"ही काय घंटा?" आबा शिपायाला मोठ्याने म्हणाले, आत ऐकू जाईल असं. "मोडक्या गाडीच्या बैलालाही याच्यापेक्षा बरा दोर असतो. घंटेला दोर देत नाहीत, ते पोरींना काय देणार?"

टिपणीसबाई बाहेर आल्या. "बोलून काय होतं? चांगला दोर असेल तर आणा."

हे शब्द म्हणजे आबांच्या मिशीलाच हात. पुढल्या बाजारच्या दिवशी ते दोर घेऊन आले. अंबाडीचा, स्वतः वळलेला, मऊ, आणि खाली लाल-हिरव्या लोकरीचा गोंडा, पोळ्याला जोडीच्या गळ्यात बांधतात तसा. येताना त्यांनी हिलाललाही आणलं, आणखी दोघा-तिघा दलालांनाही, कारण ज्याला पाहणारे नाहीत असं एकही काम आबांनी कधी केलं नव्हतं. ते स्टुलावर चढले. तार काढून फेकली. दोराला बाजारातली ती खास गाठ मारली, जी बैलाने कितीही ओढली तरी आवळतच जाते. मग खाली उतरून त्यांनी हातोडा घेतला आणि दोर किती सोसतो ते दाखवायला रुळावर दणादण ठोके हाणले.

भर दुपारी शाळा सुटली. मुली दप्तरं घेऊन धावत बाहेर आल्या. शिवणाच्या बाई जाग्या होऊन सगळ्यांत पुढे. टिपणीसबाईंना सगळ्यांना आत पिटाळायला बराच वेळ लागला. आबा बाजूला उभे राहून हिलालला म्हणत होते, "आवाज पाह्यला? आता शाळाले आवाज शे!"

कुंदा खिडकीशी उभी होती. लाजेने तिचे कान तापले होते. पण तिची नजर दोरावर होती. मेहरूणच्या अंगणात बसून लहानपणापासून ऐकलेली सगळी भांडणं तिला आठवत होती.

ती अकरावीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर हिलालने पुन्हा बी पेरलं. आदल्या साली त्या हायस्कुलातल्या काही मुली मॅट्रिकला नापास झाल्या होत्या, त्यात एका वकिलाची मुलगी होती. आणि अमळनेराकडे एक शाळा होती म्हणे, जिचा निकाल शंभरातले शंभर.

"शंभरपैकी शंभर!" आबा घरी येऊन म्हणाले. "आणि ही शाळा? वकिलाची पोर पडते, तिथं आपली काय टिकणार? खोड शे. उद्या दाखला काढतो. पोर अमळनेरला जाईल."

कुंदाला त्या शाळेची गोष्ट माहीत होती. तिथल्या मुलीने मैत्रिणीला सांगितली होती. ती शाळा परीक्षेला बसवायच्या आधीच कच्च्या मुली गाळून टाकी. मोजक्या हुशार मुली पाठवी आणि त्या पास झाल्या की गावभर निकाल मिरवी. बाहेरून आलेल्या मुलीला ऐन वर्षात तर फॉर्मही भरू देणार नव्हते. तिने हे सगळं आबांना समजावून सांगितलं, एकदा शांतपणे, एकदा रडत.

"आबा, हे म्हणजे लंगडे बैल घरी ठेवायचे आणि धडधाकट तेवढे बाजारात आणायचे. तुम्ही असल्या माणसाला काय म्हणता?"

"हुशार म्हणतो," आबा म्हणाले.

भिकुबाईने चुलीपाशी बसून कपाळाला हात लावला. "तुमचं जाकड कधी संपणार हो? पोरगी म्हातारी होईल शाळा बदलून बदलून."

"तुले काय समजस?"

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आबा आधी बाजार उरकून मग शाळेत जाणार होते. कुंदा शाळेत गेली नाही. ती आईला म्हणाली, "माय, माझ्याबरोबर चल." बैलबाजारात पाटलांच्या घरच्या बाया जात नसत. भिकुबाईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि निघाली.

बाजार भरात होता. दोघी धुळीतून, शेणातून, बैलांच्या रांगांमधून चालत गेल्या. लोक वळून वळून बघत होते. आबा बाभळीखाली दलालांत बसले होते. मुलीला पाहून ते उठलेच. "काय व्हयनं? घरी काय झालं?"

कुंदा त्यांना वळसा घालून पुढे गेली. ती हिलालपुढे उभी राहिली. आणि धुळ्याच्या शाळेपासून जो शब्द तिने चारचौघांत कधी काढला नव्हता, तो काढून विचारलं, "हिलालकाका, एक तंटा शे. तोडून द्या."

हिलालचे डोळे चमकले. "बोल ना, बेटा."

"एका माणसाने बैल जाकड नेला. मग मालकाचं दावं काढून फेकलं आणि आपलं बांधलं. आता तो परत करू म्हणतो. करता येईल?"

"नही," हिलाल म्हणाला. "दावं बांधलं का सौदा व्हयना."

"आणि चारचौघांदेखत बांधलं असेल तर?"

"मंग त्याने तोंड उघडू नये. कोण हा येडा?"

"दावं अंबाडीचं शे," कुंदा म्हणाली. "लाल-हिरव्या गोंड्याचं. स्टुलावर चढून बांधलं. तुम्हीच होता की तेव्हा."

हिलालला उमगायला क्षणभर लागला. मग तो इतका हसला की त्याची टोपी पडली. आजूबाजूचे उठून आले. "काय, काय?" करीत एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि बघता बघता सगळा बाजार हसू लागला. "चुडामणभाऊ, शाळेला दावं बांधलं ना! आता कसली परत करतोस? ती शाळा तुझी रे! ने गोठ्यात!" पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या जोड्यांत खोड काढणाऱ्या माणसाची खोड आज भर बाजारात निघाली होती, आणि ती त्याच्याच न्यायाने.

आबांचा चेहरा कुंदाने नीट पाहून घेतला. तिला वाटलं होतं तो रागाने लाल होईल, नाहीतर शरमेने पडेल. तसं काही झालं नाही. आबांनी चारी बाजूंना पाहिलं, हसणाऱ्यांची संख्या जोखली आणि तेही हसू लागले.

"मी कुठे परत करतोय?" ते म्हणाले. "कोण म्हणतं परत करतोय? पोरगी पक्की आहे का ते बघत होतो."

भिकुबाईने पदराआडून त्यांच्याकडे जो कटाक्ष टाकला, तो आबांनी पाहिला नाही. पाहिला असता तरी कळला नसता.

दाखला कोणी काढला नाही. कुंदा मॅट्रिकला बसली आणि पास झाली. फार वरच्या नंबराने नाही, चांगली पास झाली. निकालाच्या दिवशी आबांनी बाजारात पेढे वाटले आणि सांगितलं, ही शाळा मी निवडली. सगळ्या खान्देशातल्या शाळा पारखल्या आणि ही निवडली. लोकांनी ऐकलं. जे काही महिन्यांपूर्वी पोट धरून हसले होते, तेच आता आपल्या पोरींसाठी सल्ला विचारायला येऊ लागले. आबा त्यांना हायस्कुलाच्या फाटकाशी नेत आणि बोट करून दाखवीत, "दोर पाह्य. शाळा पारखायची तर आधी घंटेचा दोर पाहायचा." आणि ती माणसं, ज्यांना टोपलीतलं वांगंही दाबून घेतल्याशिवाय चैन पडत नसे, दोर पाहून माना डोलावत आणि पोरींची नावं घालून जात. टिपणीसबाई काय शिकवतात, हे एकानेही विचारलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी कुंदाला नोकरी लागली. नेमकी धुळ्याला, त्याच मुलींच्या शाळेत. हेडमास्तर बदलले होते. हसणाऱ्या बाई तिथेच होत्या आणि त्यांना काही आठवत नव्हतं. "तू जळगावची ना? छान शुद्ध बोलतेस," असं त्यांनी कुंदाला पहिल्याच दिवशी शाबासकी दिल्यासारखं सांगितलं.

जून उलटत होता. एका सकाळी आबा एस.टी.ने आले. लाल फेटा, खांद्यावर उपरणं, आणि काखेत नवाकोरा अंबाडीचा दोर, लाल-हिरव्या गोंड्यासकट. बाई आणि मास्तर व्हरांड्यात चहा घेत उभे होते. आबांनी सगळ्यांना रामराम केला, वर पाहिलं आणि समाधानाने हुंकार दिला. इथेही रुळाचा तुकडा तारेलाच टांगलेला होता.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "स्टूल आणा रे कोणी. माझ्या पोरीची शाळा शे, तिला असली तार शोभत नाही."

शिपाई स्टूल आणायला वळला. कुंदाने त्याला हाताने थांबवलं. दोर आबांच्या काखेतून काढून घेतला, नीट गुंडाळला आणि परत त्यांच्याच काखेत ठेवला.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली. मग हसणाऱ्या बाईंकडे पाहत, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "तार काय वाईट शे?"

बाईंच्या हातातली बशी खाली आली. आबा दोर घेऊन उभेच होते. कुंदाने हातोडा उचलला, तारेला टांगलेल्या रुळावर घंटा वाजवली आणि वर्गात गेली.